मुंबई ते टोकियो: अंतर एकच, मग जायला आणि यायला वेळ वेगळा का?

जालनाकर — १२ डिसेंबर

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण जपानमध्ये, टोकियोच्या ईशान्येस असलेल्या त्सुकुबा या शहरात राहते. फेब्रुवारीत तिचे बाळंतपण आहे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे अशी आईची फार इच्छा होती, परंतु ते जमण्यासारखे नसल्यामुळे आता आई-वडीलच जानेवारीच्या अखेरीस तिच्याकडे जाणार आहेत. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास आहे. आईचे वय ६६ असून तिचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी तिला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळीच घ्यावी लागते. त्यामुळे विमानात नेमके किती तास बसावे लागेल, हे मला अंदाजाने नव्हे तर नीट समजून घ्यायचे आहे.

अडचण अशी, की जेवढे शोधावे तेवढा गोंधळ वाढतो आहे. मुंबई ते टोकियो हे अंतर एका ठिकाणी ६,७८०, दुसऱ्या ठिकाणी ४,२१० आणि तिसऱ्या ठिकाणी ३,६६० असे दिसले. थेट विमानाचे जे वेळापत्रक मी उतरवून घेतले, त्यात मुंबईहून रात्री ८:०० वाजता निघून नारिता विमानतळावर दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२० वाजता पोहोचणे असे लिहिले आहे. परतीला नारिताहून सायंकाळी ५:०० वाजता निघून त्याच रात्री ११:१५ वाजता मुंबई. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने हा हिशेब मांडला आणि मला विचारले, "जाताना अकरा तास वीस मिनिटं, अन् येताना सव्वासहाच तास? येताना उतार लागतो का रे?"

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, एवढे मला ठाऊक आहे. तो फरक धरला, तर जाताना ७ तास ५० मिनिटे आणि येताना ९ तास ४५ मिनिटे होतात. म्हणजे आईच्या हिशेबाच्या बरोबर उलटे झाले! तीच कंपनी आणि तीच दोन शहरे असताना येताना जवळजवळ दोन तास जास्त का लागावेत? आणि दिल्ली, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे गेल्यास अंतर किती वाढते? तिकिटे अजून काढलेली नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे.

अंबाजोगाईचा, सध्या मुंबईत — १२ डिसेंबर

मी विमानांचे फ्लाइट प्लॅन तयार करण्याच्या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला दिसलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत; त्यांची मापे तेवढी वेगळी आहेत. ६,७८० हे किलोमीटर, ४,२१० हे साधे मैल आणि ३,६६० हे सागरी मैल, जे विमानचालनात आणि जहाजांवर वापरले जातात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मात्र हे अंतर दोन विमानतळांमधील कमीत कमी अंतर आहे, विमान प्रत्यक्षात कापते ते अंतर नव्हे.

वेळापत्रकातील वेळेबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती वेळ विमान मुंबईच्या गेटवरून मागे ढकलले जाते तिथून नारिताच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चढाई आणि उतरताना घ्यावी लागणारी वळणे यांची भर घातली, तर साधारण पाऊण तास त्यातच जातो.

आता मुख्य प्रश्न. विमानाचा वेग हा त्याच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. लांब पल्ल्याचे जेट विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. पण ती हवाच जर पूर्वेकडे वाहत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग वाढतो, आणि पश्चिमेकडे येताना तेवढाच कमी होतो. प्रत्यक्ष मार्ग ७,००० किलोमीटर धरा आणि वाटेतला सरासरी वारा ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना वेग ताशी १,००० होतो आणि ७ तास लागतात. येताना तो ८०० वर येतो आणि पावणेनऊ तास लागतात. दोन्हींत पाऊण तास मिळवा, म्हणजे पावणेआठ आणि साडेनऊ तास होतात. आपण उतरवून घेतलेल्या वेळापत्रकाशी हे आकडे किती जुळतात ते पाहा.

यात एक बारकावा आहे, जो मला स्वतःला फार आवडतो. वाराच नसता, तर प्रत्येक वेळी सुमारे ७ तास ४७ मिनिटे लागली असती. म्हणजे वाऱ्यामुळे जाताना ४७ मिनिटे वाचतात, पण येताना ५८ मिनिटे जास्त जातात. वारा जाताना जेवढे देतो त्यापेक्षा येताना जास्त काढून घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान हळू जात असल्यामुळे त्या वाऱ्यात त्याला अधिक वेळ राहावे लागते.

आपल्या मातोश्रींना सांगावे की उताराची त्यांची कल्पना चुकलेली नाही. फक्त हा उतार जाताना आहे आणि येताना चढ आहे.

गोदातीर — १३ डिसेंबर

वाऱ्यापेक्षा याचे कारण पृथ्वीचे फिरणे हे असावे असे मला वाटते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विमान हवेत असताना गंतव्य शहर एक तर जवळ येते किंवा दूर जाते. शाळेत आम्हाला असेच सांगितले होते.

भूगोल शिक्षक, सेलू — १३ डिसेंबर

गोदातीर, हा समज पुष्कळांचा असतो आणि माझ्या वर्गातही दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपण म्हणता तसे असते, तर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानापुढे टोकियो पळत राहिले असते आणि जाताना जास्त वेळ लागला असता. प्रत्यक्षात जाताना कमी वेळ लागतो. खरे असे आहे, की पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि त्या वातावरणात असलेले विमानही. परभणीहून जिंतूरकडे धावणाऱ्या एसटीत मागच्या बाकावरून उठून कोणी चालकापर्यंत गेले किंवा चालकापासून मागे आले, तर त्याला दोन्हीकडे सारखीच पावले टाकावी लागतात. एसटी पुढे धावते आहे म्हणून मागचे बाक जवळ येत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण तो वाऱ्यांच्या दिशेवर, आणि त्या वाऱ्यांमार्फत विमानावर.

आता अंतराविषयी. जालनाकर, आपल्या घरी किंवा शेजारच्या शाळेत पृथ्वीगोल असेल, तर आईंना समोर बसवून हे अवश्य करून दाखवा. शिवणकामाचा साधा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरे टोकियोवर न्या आणि दोरा ताणा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो सुमारे १६ सेंटिमीटर भरेल. दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि भूतान, चीनचा सिचुआन प्रांत, पीत समुद्र आणि दक्षिण कोरिया यांवरून टोकियोला जातो. तेच भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती ढाक्याजवळून आणि चीनच्या युनान प्रांतावरून जाते. सपाट कागदावर जी रेघ सरळ दिसते, ती गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची नसते. दोऱ्याच्या त्या मार्गाला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात.

त्या ३,६६० च्या आकड्यामागेही एक सुंदर हिशेब आहे. मुंबई आणि टोकियो यांच्यात पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन सुमारे ६१ अंशांचा आहे. एका अंशाचे ६० भाग आणि प्रत्येक भाग म्हणजे एक सागरी मैल. ६१ गुणिले ६०, उत्तर ३,६६०. सागरी मैल हे माप पृथ्वीच्या गोलाईतूनच काढलेले आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मी हे बृहद्वृत्त अक्षांश-रेखांश घेऊन कागदावर मांडून पाहिले. मुंबईच्या विमानतळावरून निघालेली ही रेषा आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांच्या उत्तरेस अवघ्या दहा-अकरा किलोमीटरवरून जाते. बुद्धाच्या ज्या चित्रांसाठी आणि शिल्पांसाठी जपानी माणसे इतक्या दुरून लेण्यांजवळच्या फर्दापूरपर्यंत येतात, ती लेणी मुंबई-टोकियोच्या सर्वांत जवळच्या वाटेवरच आहेत. मी गेल्या आठवड्यात वर्गात ही रेषा फळ्यावर काढली, तेव्हा मुलांनी ती मला दोनदा पुन्हा काढायला लावली.

जालनाकर — १३ डिसेंबर

सर, आपले आणि अंबाजोगाईच्या दादांचे मनापासून आभार. शाळेतून पृथ्वीगोल आणला होता. आईने गोधडीचा दोरा घेऊन स्वतः ताणून पाहिला आणि तो भूतानवर सरकल्यावर तिने बोटाने तीन वेळा खाली ढाक्याकडे ओढला. तो प्रत्येक वेळी परत वर गेला. त्यावर तिचा पुढचा प्रश्न असा आहे: विमान खरोखरच त्या हिमालयावरून जाते का? तिला त्याची थोडी भीती वाटते आहे.

अंबाजोगाईचा, सध्या मुंबईत — १४ डिसेंबर

मातोश्रींना निश्चिंत राहण्यास सांगावे. दोरा जातो त्या वाटेने विमान सहसा जात नाही आणि त्यामागे सुरक्षिततेचेच कारण आहे.

विमानातील हवेचा दाब काही कारणाने कमी झाला, तर वरून प्राणवायूचे मास्क खाली येतात. त्यांतील प्राणवायू बहुतेक विमानांत साधारण बारा ते पंधरा मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान सुमारे १०,००० फूट उंचीपर्यंत खाली आणावे लागते, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. सपाट प्रदेशावर किंवा समुद्रावर हे सहज होते. पण तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ १५,००० फूट आहे, आणि त्यावर डोंगर वेगळे. तिथे १०,००० फुटांवर उतरायला जागाच नाही. म्हणून त्या पठारावरून जाण्याचे टाळून मार्ग दक्षिणेकडून आखतात. मध्य भारत ओलांडून बंगालकडे, तिथून बांगलादेश, म्यानमारचा उत्तर भाग आणि युनानवरून पुढे पूर्व चीन आणि समुद्र, असा तो सर्वसाधारणपणे असतो. हवामान आणि वारा पाहून तो रोज थोडाफार बदलतो.

योगायोग असा, की हा मार्ग सरांनी सांगितलेल्या भिंतीवरच्या नकाशातील पट्टीच्या रेघेशी बराच जुळतो. आईंनी दोरा ओढून ढाक्याकडे आणला होता, तो विमानाच्या दृष्टीने योग्यच होता. पट्टीच्या त्या रेघेची लांबी बृहद्वृत्तापेक्षा सुमारे १०० किलोमीटरच जास्त भरते. मी आधी ७,००० किलोमीटर धरले होते, त्यात हा वळसा आणि चढताना-उतरतानाची वळणे आली.

आता दुसऱ्या मार्गांबद्दल. बँकॉकमार्गे दोन्ही टप्पे मिळून सुमारे ७,६८० किलोमीटर होतात, म्हणजे ९०० जास्त. सिंगापूर फारच दक्षिणेला असल्यामुळे तिकडून सुमारे ९,२८० किलोमीटर पडतात; तिकीट स्वस्त दिसले तरी ज्येष्ठांसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. दिल्लीचे मात्र वेगळे आहे. मुंबई-दिल्ली-नारिता हे अंतर सुमारे ७,०४० किलोमीटर, म्हणजे फक्त २६० किलोमीटर अधिक. आणि आपण तर जालन्याचे. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आपल्याला तासाभराच्या अंतरावर आहे, तिथून दिल्ली सरळ रेषेत सुमारे ९८० किलोमीटर आणि दिल्लीहून नारिता सुमारे ५,९०० किलोमीटर. मुंबईला जाण्याचा रस्त्याचा प्रवासच त्यात वाचतो. मात्र दिल्लीत विमान बदलावे लागेल आणि दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत, असे मी सांगेन.

लातूरची आजी — १५ डिसेंबर

मी लेकीकडे योकोहामाला दोनदा जाऊन आले आहे, एकदा थेट विमानाने आणि एकदा मध्ये विमान बदलून. दुसऱ्या खेपेस मधल्या विमानतळावर अवघा सव्वा तास होता आणि पहिले विमान अर्धा तास उशिरा उतरले. लांबच लांब मार्गिकेवरून मी आणि आमचे हे, दोघेही सामान ओढत धावलो, तेव्हा माझा पाय जो सुजला तो लेकीकडे चार दिवस उतरला नाही. जालनाकर, आईंचे गुडघे दुखत असतील, तर २६० किलोमीटर वाचले की वाढले याचा विचार करू नका. एकदा बसले की तिकडेच उतरायचे, असे विमान घ्या.

आणि विमानातले आठ तास हा प्रवासाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो, हे आधीच मनाशी धरून ठेवा. जालन्याहून समृद्धी महामार्गाने सकाळी नऊला निघालात, तर मध्ये जेवणाला थांबून चारच्या सुमारास मुंबई विमानतळ गाठाल. उड्डाणाच्या आधी तीन तास तिथे असणे चांगले, म्हणजे फार लवकरही नाही. सकाळी ७:२० ला नारिताला विमान लागले, की पासपोर्टची रांग, सामान, कस्टम यांत तास-सव्वा तास जातो. तिथून त्सुकुबाला बसने जाऊन घरी पोहोचेपर्यंत तिकडचे अकरा वाजतील, म्हणजे आपले साडेसात. घराच्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत साडेबावीस तास झाले. आईंची विश्रांती याच हिशेबाने आखा.

रात्र लहान होते, हेही त्यांना सांगा. जेवण होऊन दिवे मालवले जातात तोवर आपल्याकडचे दहा वाजतात आणि आपल्या घड्याळात पहाटेचे तीन वाजायच्या सुमारास खिडकीबाहेर उजाडते. माझी पहिल्या खेपेस झोपच झाली नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि सुती मोजे जवळ असू द्या. दर तासाला उठून मधल्या वाटेने दोन फेऱ्या माराव्यात, पाणी पीत राहावे. पाय सुजत असतील, तर घट्ट मोजे घालावेत का आणि गोळीची वेळ कशी धरावी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. शाकाहारी जेवण आधीच नोंदवून ठेवावे, आयत्या वेळी मिळेलच असे नाही. मी सोबत धपाटे नेले होते आणि ते विमानातच संपवले. मांसाचे पदार्थ, ताजी फळे, भाज्या असे काही जपानमध्ये उतरताना सामानात ठेवू नये. तिथे त्याची कडक तपासणी असते.

डिंकाचे लाडू मात्र लेकीसाठी नेले होते. विमानात एकही उघडला नाही.

परभणीचा, हवामानाचा अभ्यासक — १६ डिसेंबर

वाऱ्याचा विषय निघाला आहे, तर त्या वाऱ्याचे नाव-गाव सांगितल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगाने वाहणारा हवेचा अरुंद पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम किंवा मराठीत झोतवारा म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि ध्रुवांच्या दिशेने निघते; पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळते आणि वेग घेते. उष्ण आणि थंड हवेतला फरक जितका मोठा, तितका हा झोत जोरदार. म्हणून तो हिवाळ्यात सर्वांत प्रबळ असतो. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे उत्तर भारतावरून वाहत पूर्वेला जाते आणि जपानजवळ उत्तरेकडच्या शाखेच्या निकट येते. त्यामुळे जपानच्या आकाशात जानेवारी-फेब्रुवारीत या झोताचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जगातील सर्वांत वेगवान झोतवाऱ्यांमध्ये त्याची गणना होते. जालनाकरांचे आई-वडील नेमके याच दिवसांत जाणार आहेत.

आता ज्यामुळे मी हे लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या भगिनी त्सुकुबाला राहतात असे आपण लिहिले आहे. हा वारा प्रथम पद्धतशीरपणे मोजला गेला तो त्याच ठिकाणी. वासाबुरो ओईशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख होते आणि ते तातेनो आज त्सुकुबा शहरातच मोडते. १९२० च्या दशकात ते तिथून हवेत लहान फुगे सोडत आणि जमिनीवर ठेवलेल्या थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या उपकरणाच्या दुर्बिणीतून फुगा दिसेनासा होईपर्यंत त्याचा कोन टिपत राहत. त्या नोंदींतून हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा विलक्षण वेगवान वारा वाहतो, हे त्यांना आढळले. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत प्रसिद्ध केला. आणि ती भाषा जाणणारे फारच थोडे असल्यामुळे तो बहुतेकांच्या नजरेतून निसटला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, जपानवर खूप उंचीवरून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्याने अक्षरशः ढकलून नेले, तेव्हा त्याची जगाला जाणीव झाली. इतक्या कष्टाने, एकेक फुगा डोळ्यांनी पाठलाग करून केलेले काम वीस वर्षे पडून राहिले, याची मला नेहमी हळहळ वाटते. आपले वडील तिथे गेल्यावर फिरायला बाहेर पडले, तर त्यांनी ती वेधशाळा बाहेरून तरी अवश्य पाहावी.

या झोताचा मराठवाड्याशीही जवळचा संबंध आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात याच झोताबरोबर भारतात येतात. एरवी त्यांचा पाऊस पंजाब-हिमाचलकडे पडतो, पण झोत नेहमीपेक्षा दक्षिणेकडे खाली आला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आले, की आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्यातील कोणताही शेतकरी विसरलेला नाही. काढणीला आलेली ज्वारी, हरभरा, द्राक्षे, मोसंबी सगळे झोपले होते. जूनमध्ये हीच शाखा हिमालयाच्या उत्तरेला निघून जाते आणि तिचे जाणे मान्सून उत्तरेकडे सरकण्याशी निगडित आहे. म्हणूनच पावसाळ्यात जाणाऱ्या आणि येणाऱ्या विमानांच्या वेळांतला फरक हिवाळ्यापेक्षा कमी होतो.

जालनाकर — १७ डिसेंबर

सर्वांचे लेखन मी आई-वडिलांना वाचून दाखवले. लातूरच्या काकूंचे म्हणणे आईला सर्वाधिक पटले आणि मुंबईहून थेट विमानाचीच तिकिटे काढली आहेत. डॉक्टरांनी प्रवासाच्या दिवसापुरती गोळी भारतीय वेळेनुसार घेण्यास सांगितले असून, तसे लिहिलेला कागद आईने पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आहे. एक गोष्ट मात्र वडिलांना चमत्कारिक वाटते. सहा-सात तास पश्चिमेकडे मोटारीत बसून मुंबईला जायचे आणि मग विमानाने पुन्हा आपल्याच गावावरून पूर्वेकडे जायचे!

अंबाजोगाईचा, सध्या मुंबईत — १७ डिसेंबर

काकांचे निरीक्षण अचूक आहे. जालना मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३२५ किलोमीटर आहे. पूर्वेकडे निघालेली विमाने अनेकदा मराठवाड्याच्या माथ्यावरूनच जातात, आणि उड्डाणानंतर साधारण अर्ध्या तासात ती आपल्या परिसराच्या आसपास असतात. समोरच्या पडद्यावरील नकाशा सुरू ठेवण्यास काकांना सांगा. त्यावर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेगही सतत दिसत असतो.

जालनाकर — ३० जानेवारी

आई-वडील काल सुखरूप पोहोचले. वडिलांनी बोर्डिंग पासच्या मागे सगळ्या वेळा लिहून ठेवल्या आणि त्याचे छायाचित्र पाठवले, म्हणून येथे देत आहे. विमान गेटवरून ८:१० ला हलले, ८:३२ ला चाके जमिनीवरून सुटली. नारिताला जपानच्या वेळेनुसार ६:५८ ला चाके टेकली आणि ७:१२ ला ते गेटला लागले. म्हणजे प्रत्यक्ष हवेत ६ तास ५६ मिनिटे आणि गेट ते गेट ७ तास ३२ मिनिटे लागली. वेळापत्रकापेक्षा १८ मिनिटे कमी. पडद्यावर वडिलांनी पाहिलेला सर्वाधिक वेग ताशी १,१४२ किलोमीटर होता आणि तो जपान जवळ आल्यावरचा होता, असे त्यांनी खाली रेघ ओढून लिहिले आहे. आपल्या परिसराच्या नकाशावर ते नऊ वाजून तीन मिनिटांनी होते. मी त्या वेळी गच्चीवर उभा होतो. नवाच्या सुमारास एक विमान खूप उंचावरून पूर्वेकडे गेले. ते त्यांचेच होते की नाही हे सांगता येणार नाही, पण मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिलो.

परतीची तिकिटे १६ एप्रिलची आहेत. आईने तिकडून विचारले आहे, की तेव्हा हा वारा समोरून किती जोराचा असेल, आणि तिला खिडकीची जागा कोणत्या बाजूची घ्यावी?

परभणीचा, हवामानाचा अभ्यासक — ३० जानेवारी

एप्रिलच्या मध्यापर्यंत झोत उत्तरेकडे सरकायला आणि मंदावायला लागलेला असतो, परंतु तो अजून निघून गेलेला नसतो. त्यामुळे जानेवारीत परतणाऱ्यांपेक्षा त्यांना थोडा कमी वेळ लागण्याची शक्यता आहे, तरी नऊ तासांच्या वरच धरून चालावे.

भूगोल शिक्षक, सेलू — ३१ जानेवारी

खिडकी उजव्या बाजूची घ्यावी. सायंकाळी पाचला निघाल्यावर सूर्य पुढे उजवीकडे राहील, आणि विमान सूर्याच्याच दिशेने जात असल्यामुळे त्याला मावळायला जमिनीवर लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागेल. आईंनी घड्याळ लावून पाहावे आणि किती मिनिटे लागली ते येथे कळवावे; मला ते माझ्या वर्गात सांगायचे आहे.